डॉल्फिनचा कणा : वैविध्य आणि व्याधी

दापोली-मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटक ज्याच्या दर्शनासाठी ताटकळत उभे राहतात, तो डॉल्फिन मासा नसून आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे, याची साक्ष त्याचा पाठीचा कणा देतो. नार्नूरपासून समुद्र दूर असला, तरी येथील वैद्यक व्यावसायिकांनी हा कणा अवश्य अभ्यासावा.

मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, तर डॉल्फिन खाली-वर. धावणाऱ्या चतुष्पादाचा कणाही असाच वाकतो, कारण डॉल्फिनचे पूर्वज भूचर होते. जम्मूतील कालाकोट येथे भूवैज्ञानिक रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांत 'इंडोह्यस' या लहान खुरधारी प्राण्याचे अवशेष मिळाले. तो देवमाशांचा निकटचा आप्त असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले.

पुढे मागचे पाय लोप पावले. श्रोणीची दोन लहान हाडे स्नायूंत उरली, पण कण्याशी त्यांचा सांधा नाही. म्हणून त्रिकास्थीही नाही. पुच्छमणके कोठून सुरू होतात, हे त्यांच्याखालील 'व्ही' आकाराच्या लहान हाडांवरून ओळखतात.

मानेत मात्र मनुष्याप्रमाणे व जिराफाप्रमाणे सातच मणके असतात. बाटलीनाक डॉल्फिनमध्ये त्यांपैकी पहिले दोन जुळलेले असतात. २००९ साली राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित झालेल्या गंगेतील डॉल्फिनचे सातही मणके सुटे असल्याने तो मान सहज वळवतो. एकाच जातीच्या दोन निरोगी डॉल्फिनांच्या एकूण मणक्यांची संख्याही थोडी भिन्न असू शकते.

मनुष्यात मानेचे मणके जन्मतः जुळलेले आढळल्यास आपण क्लिपेल-फाइल विकृतीचा विचार करतो. परंतु प्रत्येक वेगळेपण विकृती नसते. कोणाचा पाचवा कटिमणका त्रिकास्थीला जुळलेला असतो, तर कोणाचा पहिला त्रिकमणका सुटा राहून कटिमणके सहा भासतात. अशा अनेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. केवळ क्ष-किरण चित्रातील 'जादा मणका' पाहून रुग्णास घाबरवू नये. कंबरदुखीचे कारण स्वतंत्रपणे शोधावे. मात्र शस्त्रक्रिया ठरल्यास हे वेगळेपण अहवालात स्पष्ट नोंदवावे आणि शक्यतो मानेपासून मोजणी करावी. केवळ कंबरेच्या चित्रावर विसंबल्यास चुकीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो.