स्त्रियांचे वजन आणि मूत्राशयाचे आरोग्य

शिंक आली, खोकला आला किंवा पाण्याची घागर उचलली की नकळत थोडी लघवी सुटते, ही तक्रार चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ स्त्रियांची असते. परंतु डॉक्टरांपुढे ती क्वचितच मांडली जाते. बाळंतपणे झाली, वय झाले, आता हे असेच चालायचे, अशी मनाची समजूत घालून या स्त्रिया एस. टी.चा लांबचा प्रवास टाळतात आणि सभा-समारंभांतून लवकर उठून जातात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तासन्‌तास चालणाऱ्या बैठकीत एखादी सदस्या अवघडून का बसते, याचे कारण कित्येकदा याच न सांगितलेल्या दुखण्यात असते.

या दुखण्याचा शरीराच्या वजनाशी निकटचा संबंध आहे. मूत्राशय ही ओटीपोटातील स्नायूंची पिशवी होय. तिला व मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू झोळीप्रमाणे ताणलेले असतात. बाळंतपणात ही झोळी सैल होते. पाळी गेल्यानंतर ती आणखी दुबळी होऊ शकते. त्यातच पोटावर चरबी साठली की तिचा भार अहोरात्र मूत्राशयावर व या झोळीवर पडत राहतो. मग खोकल्याचा एखादा झटकाही मूत्रमार्गाचे दार उघडण्यास पुरतो. स्थूलतेबरोबर मधुमेह आला, तर लघवीचे प्रमाण वाढून त्रासात भर पडते.

समाधानाची गोष्ट अशी की, हा भार थोडा उतरला तरी गुण येतो. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या व लघवी सुटण्याचा त्रास असलेल्या ३३८ स्त्रियांची सहा महिने पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आहार व व्यायामाचा नियमित कार्यक्रम पाळणाऱ्या गटाचे वजन सरासरी ८ टक्क्यांनी घटले आणि आठवड्यात लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या दुसऱ्या गटात ही घट २८ टक्के होती. म्हणजे ७५ किलो वजनाच्या स्त्रीने सडपातळ होण्याची गरज नाही. सहा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे वजन सुमारे ५८ किलोंवर गेले की ती या वर्गात मोडते. मात्र त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया कमी वजनाच्याही आढळल्या. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या कृश मजूर स्त्रीलाही हा त्रास होऊ शकतो. तिला वजन घटविण्याचा सल्ला देणे हा शुद्ध अविचार ठरेल.

तिलाही उपयोगी पडेल असा एक बिनखर्चाचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच पाच अंक मोजेपर्यंत आवळावेत व तितकाच वेळ सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. श्वास कोंडू नये, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. गुण दिसण्यास सुमारे तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत कंटाळून सोडून देणाऱ्याच अधिक. बद्धकोष्ठ व जुनाट खोकला यांवरही उपचार करून घ्यावेत, कारण प्रत्येक कुंथण्याचा ताण त्याच झोळीवर येतो.

पाणी कमी पिणे हा मात्र उपाय नव्हे. त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढतो व जंतुसंसर्गाची भीती निर्माण होते. शाळेत स्वच्छ व कडी लागणारे शौचालय नसल्याने शिक्षिका दिवसभर तहान मारतात, ही गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीने मनावर घेण्याजोगी आहे. लघवीतून रक्त जाणे, जळजळ, ताप किंवा अंग बाहेर येणे यांपैकी काहीही आढळल्यास व्यायामावर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. आशा कार्यकर्तीकडे ही तक्रार सांगण्यास स्त्रिया कमी संकोचतात. परंतु पहिला प्रश्न बहुधा तिलाच विचारावा लागतो.