‘रोमान द फोव्हेल’ : राजग्रंथालयातील एक उपहासकाव्य व त्यातील गीते

प्रस्तावना

राजसत्तेवरील उपहास राजसत्तेच्या बाहेर जन्मास येतो, असा सर्वसाधारण समज आहे. चौदाव्या शतकातील फ्रान्समध्ये सिद्ध झालेले ‘रोमान द फोव्हेल’चे सचित्र हस्तलिखित या समजास छेद देते. पुढे फ्रान्सच्या राजग्रंथालयात दाखल झालेले हे हस्तलिखित आज पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयात ‘फ्रेंच १४६’ या क्रमांकाने जतन केलेले आहे. त्याचे स्वरूप व त्यातील उपहासाची पद्धती यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

काव्य व त्याचा विस्तार

मूळ काव्य राजाच्या दप्तरखान्यातील लेखनिक जेर्व्हे द्यू ब्यूस याच्या नावावर आहे. त्याचा पहिला भाग १३१० मध्ये व दुसरा भाग १३१४ मध्ये रचला गेला. काव्याचा नायक फोव्हेल हा घोडा आहे. खुशामत, लोभ, नीचपणा, चंचलपणा, मत्सर व भ्याडपणा या सहा दुर्गुणांच्या फ्रेंच नावांतील आद्याक्षरांनी त्याचे नाव बनते. तबेल्यातून राजवाड्यात गेलेल्या या घोड्याला खरारा करण्यासाठी राजे, सरदार व धर्मगुरू यांची अहमहमिका लागते. लाचारीचे याहून बोलके चित्र क्वचितच आढळेल.

सुमारे १३१७ मध्ये शायू द पेस्टँ याने या काव्याचा विस्तार केला. लॅटिन व फ्रेंच भाषांतील १६९ गीतरचना आणि सत्तरांहून अधिक चित्रे असलेला हा विस्तार केवळ याच प्रतीत आढळतो. कित्येक जुन्या रचना किंचित फेरफार करून येथे योजल्या आहेत. त्यामुळे मुळात निरुपद्रवी असलेले गीतही फोव्हेलच्या संदर्भात बोचरे ठरते.

उपहासाचे लक्ष्य

राजा चौथा फिलिप याचा प्रबळ मंत्री आंगेरां द मारिनी हा या उपहासाचे प्रमुख लक्ष्य होता. फिलिप नोव्हेंबर १३१४ मध्ये निवर्तला आणि ३० एप्रिल १३१५ रोजी मारिनीला फाशी देण्यात आले. हस्तलिखितातील काही रचनांत दोन वा अधिक गायक एकाच वेळी भिन्न शब्द गातात. अशा एका रचनेत मारिनी कोल्ह्याच्या, राजा आंधळ्या सिंहाच्या व फ्रेंच प्रजा कोंबड्यांच्या रूपाने येते. लॅटिनमध्ये ‘गालुस’ या एकाच शब्दाचे ‘कोंबडा’ व ‘फ्रेंच मनुष्य’ असे दोन्ही अर्थ होतात. या श्लेषावर ही रचना उभी आहे.

या गीतांचा क्रमही लक्षणीय आहे. कोल्ह्याच्या पतनाचे गीत आधी येते, तर तो सत्तेवर असल्याचे गीत त्यानंतर येते. इतिहासाचा क्रम असा उलटा केल्याने एक मंत्री मेला तरी कोल्हा पुन्हा सिंहासनाजवळ येतो, असे सुचविले जाते.

समारोप

जानेवारी १३१७ मध्ये राज्याभिषेक झालेला तरुण राजा पाचवा फिलिप याला सावध करणे हा या ग्रंथाचा हेतू असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास हा उपहास बंडखोराचा नसून राज्यकारभार आतून पाहिलेल्या सेवकांचा ठरतो. दोष राजाच्या एका मंत्र्यात नसून खुशामतीला भुलणाऱ्या सत्तेत आहे, हे त्यांनी सत्तेच्याच दारी राहून सांगितले. या हस्तलिखिताचे वाङ्मयीन महत्त्व यातच सामावलेले आहे.