दुसरी इयत्ता : वाचन, वजाबाकी आणि आपले घर

दहावी-बारावीच्या वर्षाची जेवढी चर्चा आपल्या घरांतून होते, तिच्या दशांशानेही दुसरीच्या वर्षाची होत नाही. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला मात्र दुसरीचे वर्ष अधिक निर्णायक वाटते. तिसरीपासून पुस्तक हे शिकण्याचे साधन बनते. तोवर वाचन हाती आले नसेल, तर गणितातील शाब्दिक उदाहरणांपासून परिसर अभ्यासापर्यंत सारेच अवघड होऊन बसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून पहिली-दुसरीला बालवाडीशी जोडले आहे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस अपेक्षा अशी आहे : मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचणे, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे व लिहिणे, आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी.

मिनिटाला शब्द मोजणे हा शर्यतीचा प्रकार नव्हे. एकेक अक्षर जुळवीत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. अर्थ लागण्यापुरता वेग हवा, इतकेच. शिवाय पुष्कळ मुले धडा पाठ करून ‘वाचून’ दाखवतात व आपण कौतुक करतो. मधल्याच एखाद्या ओळीतील शब्दावर बोट ठेवून विचारावे, म्हणजे निदान चटकन होते.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांना एक सवलत आपोआप लाभली आहे. शाळेतील हिंदी आणि घरातील मराठी यांची लिपी एकच. बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी मुलाला घरच्या भाषेसाठी निराळी लिपी गिरवावी लागते. आपल्या मुलाला ती शाळाच शिकवते. घ-ध, भ-म यांतील गोंधळ, आधी लिहायची पण नंतर उच्चारायची पहिली वेलांटी, जोडाक्षरे, ही सारी लढाई एकदाच लढायची. उरतो तो ‘ळ’, ‘साऱ्या’मधला अर्धा र, आणि ‘चाक’ व ‘चहा’ यांतील एकाच अक्षराचे दोन उच्चार. आजीने भाजीची यादी मराठीत लिहून नातवाकडून वाचून घेतली तर महिन्याभरात एवढे साधते. (अर्थाच्या गमती वेगळ्याच. ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून मराठी मूल दचकले तर नवल नाही!) तरीही आपल्या कित्येक घरांत मराठी केवळ कानांवर पडते, डोळ्यांना दिसत नाही, याची खंत वाटते.

संख्यांची गोष्ट जरा निराळी. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. कानाने आधी पाच ऐकले, म्हणून हाताने आधी पाच लिहिले. मराठीत काय किंवा हिंदीत काय, एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. कन्नड, तेलुगूत दशक आधी येतो. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्याच गणित पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी मांडणी आली, तेव्हा विधानसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. भाषेच्या अभिमानापोटी ती अडचण नाकारण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. आपल्याकडे तर एकच मूल शाळेत ‘पच्चीस’, घरी ‘पंचवीस’ आणि इंग्रजीच्या तासाला ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणते. तिन्ही म्हणू द्यावीत. सोबत ‘दोन दशक, पाच एकक’ हेही म्हणवून घ्यावे.

वजाबाकीत हीच कसोटी लागते. ५२ मधून २७ वजा करताना अनेक मुले ३५ असे उत्तर देतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढून मोकळी होतात. येथे रागावून उपयोग नसतो, आणि हातचा घेण्याची रीत पुन्हा पुन्हा घोकवूनही फारसे हाती लागत नाही. दहाच्या पाच नोटा व रुपयाची दोन नाणी समोर ठेवून ‘मला सत्तावीस रुपये दे’ म्हणावे. दोन नोटा दिल्यावर सुटे अपुरे पडतात, नोट मोडावी लागते. मोडलेली ती नोट म्हणजेच हातचा. पंचवीस रुपये उरलेले मूल स्वतः मोजते.

आता थोडे वैद्यकीय. या वयात अक्षरे उलटी काढणे पुष्कळदा स्वाभाविक असते. वाचनाच्या विशिष्ट दोषाचे निश्चित निदान सर्वसाधारणपणे आठ वर्षांच्या सुमारास करतात. तथापि ‘अभ्यासात लक्ष नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्या मुलाचे डोळे आणि कान आधी तपासले पाहिजेत. फळा अंधुक दिसणारे मूल तशी तक्रार करीत नाही, कारण सर्वांनाच तसे दिसते असे त्याला वाटते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या मध्यकर्णात द्रव साचून ऐकणे मंदावते. ‘त’ आणि ‘थ’ मधला फरक मग त्याच्या वहीतही उतरत नाही. नऊ ते बारा तासांची झोप आणि रोज उघड्यावरचे खेळणे ही चैन नाही. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत दूरचे कमी दिसण्याचा दोष कमी प्रमाणात आढळतो.

दुसरीच्या मुलाला शिकवणी लावणे मला मुळीच पटत नाही. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात या इयत्तेला गृहपाठच नको असे म्हटले आहे. दप्तरही वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, म्हणजे २२ किलोच्या मुलाला फार तर २.२ किलो. घरी रोज दहा-पंधरा मिनिटे शेजारी बसून मोठ्याने वाचणे पुरेसे आहे : एक परिच्छेद आपण, एक मुलाने. अडले तर लगेच शब्द पुरवू नये, मनात पाच अंक मोजावेत. तेच पुस्तक चौथ्यांदा मागितले तर चौथ्यांदा वाचावे, त्यानेच ओघ येतो.

आपल्यापैकी अनेकांचा संध्याकाळचा दवाखाना नऊपर्यंत चालतो, आणि तोवर मूल झोपेला आलेले असते. अशा घरांत हे वाचन सकाळी शाळेच्या बसपूर्वी करावे, किंवा सरळ आजी-आजोबांवर सोपवावे. त्यांच्यापाशी वेळ असतो, आणि मराठीही.