नवी नोकरी, पण पगार कुठाय?

‘अजून प्रोबेशन आहे, दोन महिन्यांचं एकदम देऊ.’ असं सांगणाऱ्या मालकाला कायद्यात सवलत नाही बरं का! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावाच लागतो. वैतागून राजीनामा दिलात, तर हिशेब दोन कामकाजी दिवसांत. जुन्या कायद्याचं संरक्षण महिना २४ हजारांपर्यंतच्या पगारालाच होतं, ती मर्यादाही आता नाही.

आधी ईमेलवर मागणी करा, तोंडी नको. दाद दिली नाही, तर कामगार कार्यालय गाठा. दाव्याची मुदत तीन वर्षं, भरपाई थकबाकीच्या दहापटीपर्यंत.

माझं आवडतं कलम ५९: पगार दिला हे सिद्ध करायचं मालकानेच! तुम्ही ऑफर लेटर, हजेरी आणि कामाचे व्हॉट्सॲप मेसेज तेवढे जपून ठेवा.