वाय दाबण्याआधी

वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईक अणजूरकरांचं गाव म्हणून इतिहासात अंजूरचं नाव येतं. आज गावाच्या अवतीभवती गोदामंच गोदामं. त्यांतल्या एका गोदामाच्या ऑफिसात सकाळी पोचलो, तेव्हा बाहेर दोन ट्रक गेटपासविना उभे होते.

आदल्या संध्याकाळी तिथलं मशीन उबुंटू २०.०४वरून २२.०४वर न्यायला घेतलं होतं. ते करणं भागच होतं, २०.०४ची पाच वर्षांची मुदत मे २०२५मध्ये संपली. काम अर्ध्यावर असताना लाइट गेली. लाइट आल्यावर गेटपासचा प्रोग्रॅम उघडेना, म्हणून ऑपरेटरनं पेनड्राइव्हवरचं त्याचं जुनं पॅकेज डीपीकेजी या कमांडनं पुन्हा टाकलं. तेव्हापासून काहीही इन्स्टॉल करायला गेलं की एकच तक्रार: डिपेन्डन्सी तुटलेली आहे.

“सर, फॉरमॅट मारू का?” त्यानं विचारलं. हा प्रश्न मला दर वेळी बोचतो. काय बिघडलंय ते मशीन सांगत असतं, फक्त वाचावं लागतं.

आधी अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं. ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ चालवलं, पंधरा-वीस मिनिटं ओळी सरकत राहिल्या. मग पॅकेजांची यादी काढली. यादीत प्रत्येक नावाआधी दोन अक्षरं असतात. दोन्ही ‘आय’ असली तर पॅकेज नीट बसलंय. ‘आय’नंतर ‘यू’ असेल तर उघडून ठेवलंय, पण बसलेलं नाही. शेकडो ‘आय-आय’मध्ये एकच ‘आय-यू’ होतं: गेटपासचं. त्याला ‘लिबएसएसएल १.१’ हवी होती. २२.०४मध्ये ती लायब्ररी नाहीच, तिच्या जागी तीन नंबरची आहे. फाइलचं नावच बदललेलं, त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमला ती सापडणार कशी?

जुनी लायब्ररी शोधून कोंबणारे पुष्कळ असतात. चालतंही. पण ती लायब्ररी ज्यातली, त्या ओपनएसएसएल १.१.१ला निर्मात्यांकडून मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळणं सप्टेंबर २०२३मध्येच थांबलं. याच प्रोग्रॅममधून मालाची नोंद सर्व्हरवर जाते. तिथे असं भोक मी ठेवणार नाही.

‘एपीटी फिक्स-ब्रोकन’ दिलं. इथे हात आवरायचा असतो. काय काय काढून टाकणार, ते एपीटी आधी लिहून दाखवतं आणि मग वाय की एन विचारतं. घाईत वाय दाबून डेस्कटॉपच उडालेली मशीनं मी पाहिली आहेत. ऑपरेटरला म्हटलं, “मोठ्यानं वाच.” त्यानं वाचलं. एकच नाव होतं, गेटपासचं. “आता दाब.”

प्रोग्रॅम बनवणाऱ्याकडून २२.०४साठीचं पॅकेज मागवलं. ते यायला तासभर गेला. ट्रकवाले आत येऊन चहा पिऊन गेले. या वेळी डीपीकेजीऐवजी एपीटीनं बसवलं, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या तेच शोधून आणतं. यादी पुन्हा काढली. ‘आय-यू’ कुठेच नव्हतं.

पहिला गेटपास छापून बाहेर आला. ऑपरेटर तो घेऊन ट्रककडे धावला. परत आल्यावर पेनड्राइव्हवरची जुनी फाइल त्यानं माझ्यासमोर पुसून टाकली.