अठरा वर्षांनी पुन्हा मैदानात

ॲडिलेड ओव्हल म्हटलं की आपल्याला आठवतो २००३ चा द्रविड, नाहीतर २०२० चा तो ३६ ऑल आऊट (नको ती आठवण!). पण तिथे क्रिकेट संपलं की त्याच गोल मैदानावर एक वेगळाच खेळ सुरू होतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘फूटी’. बॉल लांबट, पायाने मारायचा किंवा मुठीने ठोसून पास द्यायचा. फेकायला बंदी. बॉल घेऊन पळायचं असेल तर दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटायचा. लांबट बॉल पळता पळता आपटून बघा एकदा, मग कळेल! मधल्या दोन खांबांतून किक गेली की ६ पॉइंट, बाजूच्या खांबातून गेली तर १.

या खेळातली एरिन फिलिप्स ही माझी हिरो. जन्म १९८५, ॲडिलेडचा. वडील ग्रेग फिलिप्स पोर्ट ॲडिलेड क्लबचे मोठे खेळाडू, त्या क्लबकडून त्यांनी आठ वेळा अजिंक्यपद मिळवलं. एरिन लहानपणी मुलांच्या टीममध्ये खेळायची आणि चांगली खेळायची. पण तेराव्या वर्षी नियम आडवा आला. यापुढे मुलांबरोबर खेळायचं नाही, आणि मुलींसाठी पुढे प्रोफेशनल लीग अशी नाहीच. गुणवत्ता आहे, पण ॲडमिशन नाही. झालं!

मग ती बास्केटबॉलकडे वळली. तेही कसं? तर थेट अमेरिकेतली डब्ल्यूएनबीए! २०१२ मध्ये इंडियाना आणि २०१४ मध्ये फिनिक्सकडून विजेतेपद, शिवाय २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक. एवढ्यावर कोणीही समाधान मानलं असतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये महिलांची एएफएलडब्ल्यू लीग एकदाची सुरू झाली. टीम फक्त आठ. बहुतेक मुली दिवसा नोकरी किंवा कॉलेज करून संध्याकाळी प्रॅक्टिसला यायच्या, कारण या पगारात घर चालणं शक्यच नव्हतं. ‘प्रोफेशनल’ हा शब्द तेव्हा नावापुरताच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. एरिन तेव्हा ३१ वर्षांची. पहिल्याच वर्षी तिच्या ॲडिलेड क्रोजने ब्रिस्बेनला ६ पॉइंटनी हरवून फायनल जिंकली आणि लीगची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली!

२०१९ ची फायनल ॲडिलेड ओव्हलवर झाली. प्रेक्षक ५३,०३४. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एरिनच्या गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं. (पळताना झटकन दिशा बदलली किंवा उडी मारून वाकडं उतरलं की सगळा भार त्या छोट्याशा दोरीवर येतो. मेकॅनिक्सवाल्यांनी फ्री बॉडी डायग्राम काढून बघावा. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते.) स्ट्रेचरवरून तिला नेताना सगळं स्टेडियम उभं राहिलं, कार्लटनच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या मुलीसुद्धा तिच्याजवळ आल्या. ॲडिलेडने मॅच ४५ पॉइंटनी जिंकली. सामन्याची सर्वोत्तम खेळाडू? दुखापतीमुळे मॅच अर्धवट सोडावी लागलेली एरिनच!

ऑपरेशननंतर ती परत आली, २०२२ मध्ये तिसरं अजिंक्यपद मिळवलं. त्याच वर्षी पोर्ट ॲडिलेडची महिला टीम लीगमध्ये उतरली. एरिनने जिंकणारी टीम सोडली आणि वडिलांच्या क्लबची पहिली महिला कॅप्टन झाली. नवी टीम मॅचेस हरत होती, तरी २०२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती तिथेच खेळली.