सौर वीज : आधी माप, मग खरेदी

कापडाच्या धंद्यात माप घेतल्याशिवाय ताग्याला कात्री लावत नाहीत. सौर वीज घेताना मात्र पुष्कळ लोक आधी पॅनल विकत घेतात आणि हिशेब नंतर मांडतात.

नवी मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावरील तीन गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर भागवावे लागे. पनवेल-उरण भागात आजही शेतावर घर बांधले आणि विजेचा खांब दूर असला, तर सौर विजेचाच आधार घ्यावा लागतो. आमच्या शेतघरी दुकानदाराच्या सांगण्यावरून ५०० वॅटचे पॅनल व दोन बॅटऱ्या बसवल्या. मे महिन्यात सर्व ठीक चालले. जुलैत तिसऱ्या दिवशी फ्रीज बंद पडला आणि आईचे इन्सुलिन बर्फाच्या डब्यात ठेवण्याची पाळी आली. चूक कोठे झाली, हे वाचकांनी पुढील हिशेबावरून पाहावे.

प्रथम रोजचा खर्च लिहावा. वॅटला तासांनी गुणले की वॅट-तास मिळतात. ९ वॅटचे पाच दिवे पाच तास : २२५. ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास : ६००. टीव्ही ६० वॅट, तीन तास : १८०. लहान फ्रीज : सुमारे १०००. एकूण अंदाजे २०००, म्हणजे दोन युनिट. जुने ७५ वॅटचे पंखे ठेवल्यास ९०० वॅट-तास वाढतात; म्हणून आधी पंखे बदलावेत.

बॅटरी व इन्व्हर्टरमधील घट धरून पॅनलकडून २६०० मिळायला हवेत. कोरड्या दिवसांत पूर्ण तेजाचे ऊन पाच तास धरले, तर ५२० वॅट पुरतात. आमच्या दुकानदाराने हाच हिशेब केला होता. पावसाळ्यात तीनच तास धरावेत. मग सुमारे ९०० वॅट लागतात.

बॅटरीत दोन ढगाळ दिवसांची बेगमी असावी, म्हणजे ४००० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ८००० ची क्षमता हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १८०० मावतात. घट व २४ व्होल्टची जोडणी लक्षात घेता सहा बॅटऱ्या घ्याव्यात. लिथियम महाग पडते. पण तिचा ८० टक्के साठा वापरता येत असल्याने ५००० ची क्षमता जवळपास पुरते. फ्रीज सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतो, म्हणून इन्व्हर्टर १००० व्हीएपेक्षा लहान नको.

अनुदानाबाबतही गैरसमज नसावा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, परंतु ती वीजजोडणी असलेल्या घरांना. ज्यांच्या दारात तारच नाही, त्यांनी ही रक्कम जमेस धरू नये.

सारांश, खरेदी कोणत्याही महिन्यात करा, माप मात्र जुलैचे घ्या.